खडक चिकटवायची वेळ का आली

मरीन टँकमध्ये, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीत, खडक पक्के जोडावेत की नुसते रचावेत, हा वाद फार जुना नाही. इंडोनेशियातल्या एका हौशीने 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला समुद्रातले जिवंत खडक, म्हणजे अंगावर जीवजंतू वाढलेले दगड, टाकीत ठेवून दाखवले. पुढे जर्मनीत त्याला स्किमरची, म्हणजे फेसातून पाण्यातली घाण काढणाऱ्या यंत्राची, जोड मिळाली. तेव्हा ढीग रचायचा आणि डगमगला तर आणखी एक दगड टेकवायचा, एवढेच तंत्र होते. खडकावरचे जीव सुकू द्यायचे नसत, मग गोंद लावणार कुठे? फार तर पाण्याखाली मळता येणारी इपॉक्सी पुट्टी वापरत. पण ओल्या, शेवाळलेल्या दगडाला तीही धड चिकटत नाही, खाचेत अडकून बसते इतकेच.

चित्र पालटले ते अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यातल्या बंदीने. राज्याच्या हद्दीतला जिवंत खडकाचा उपसा 1989 मध्ये थांबला, त्यापलीकडच्या केंद्र सरकारच्या अखत्यारीतल्या पाण्यातला 1997 पर्यंत टप्प्याटप्प्याने. हा खडक म्हणजे माशांचा निवारा, एकदा उपसला की माणसाच्या हयातीत भरून येत नाही, ही सरकारी बाजू. उपसणाऱ्यांचा धंदा बुडाला, हेही खरे. मला स्वतःला बंदी योग्यच वाटते, पण तिच्यासोबत आलेली परवान्याची अट जास्त परिणामकारक ठरली. समुद्रतळावर स्वतः दगड टाकून त्यावर जीव वाढवायला मुभा होती, मात्र तो दगड तिथल्या नैसर्गिक खडकापेक्षा वेगळा ओळखू यायला हवा. म्हणून जमिनीवरच्या खाणींतला चुनखडक समुद्रात जाऊ लागला. आज असाच चुनखडक समुद्र न बघताच ‘ड्राय रॉक’ म्हणून विकला जातो. फिजीनेही 2010 च्या दशकाच्या अखेरीस जिवंत खडकाची निर्यात रोखली. आपल्याकडे 2001 पासून प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे मालवणहून प्रवाळाचा तुकडा आणणे हा गुन्हाच.

कोरडा दगड टेबलावर घेता येतो, त्याला भोक पाडून फायबरग्लासची काडी घालता येते. मग कमानी आणि अधांतरी कडे आले, आणि नुसत्या रचण्याने भागेना. इथे सुपरग्लू कामी आला. 1942 मध्ये बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधताना अमेरिकेत हे रसायन सापडले, ते सगळ्यालाच चिकटते म्हणून बाजूला पडले आणि 1958 मध्ये गोंद म्हणून बाजारात आले. आपले फेविक्विक याच कुळातले. सांध्यात जाड जेलसारखा सुपरग्लू भरून वर अ‍ॅरागोनाइट या चुनखडीच्या जातीच्या खनिजाची कोरडी भुकटी टाकली की ते झपाट्याने घट्ट होते. तापते आणि डोळे झोंबवणारा धूरही सोडते, तेव्हा खिडकी उघडी हवी. सिमेंट स्वस्त पडते, पण त्यातला चुना पाण्याचा पीएच (अल्कलीपणा) चढवतो, म्हणून पाणी बदलत बरेच दिवस भिजत ठेवावे लागते.

जुन्या मंडळींचा आक्षेप मात्र अजून टिकून आहे: एकसंध खडकातून दांडगाई करणारा मासा काढायचा कसा? त्यामुळे अनेक जण सगळे एकत्र न जोडता, उचलता येतील अशी दोन-तीन बेटे बांधतात.