राज्य संरक्षित स्मारक (महाराष्ट्र)

‘महाराष्ट्र प्राचीन स्मारके व पुराणवस्तुशास्त्रविषयक स्थळे आणि अवशेष अधिनियम, 1960’ अन्वये राज्य शासनाने संरक्षित घोषित केलेली वास्तू किंवा स्थळ. प्राथमिक अधिसूचना काढून हरकती मागवल्या जातात. त्यांच्या निर्णयानंतर अंतिम अधिसूचना निघते. देखभाल पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे असते.

या व्यवस्थेचा आरंभ 1960 पासून धरण्याचा प्रघात आहे. ब्रिटिश अमलाखालील मुलुखापुरता तो ग्राह्य वाटतो, कारण तेथे 1904 च्या कायद्याखालील जतनाचे काम प्रामुख्याने भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे होते. मराठवाड्याची गोष्ट वेगळी. हैदराबाद संस्थानाने 1914 मध्ये स्वतःचे पुरातत्त्व खाते उभारले. गुलाम याझदानी त्याचे संचालक होते. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या जतनासाठी 1920 च्या सुमारास इटलीहून तज्ज्ञ आणले गेले, तेही संस्थानाच्या खर्चाने. पुढे 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला. त्यामुळे राज्यस्तरीय जतनाचा उगम 1914 पर्यंत मागे नेणारे मत अधिक सयुक्तिक ठरते. तसे न केल्यास संस्थानी खात्याच्या कामावर अन्याय होतो.

संविधानाच्या सातव्या अनुसूचीत राष्ट्रीय महत्त्वाची स्मारके संघसूचीत (नोंद 67), इतर स्मारके राज्यसूचीत (नोंद 12), तर इतर पुरातत्त्वीय स्थळे समवर्ती सूचीत (नोंद 40) आहेत. उत्खननात याचा प्रत्यय येतो: संरक्षित क्षेत्राबाहेर उत्खनन करायचे तरी 1958 च्या केंद्रीय कायद्यानुसार राज्याला केंद्राची पूर्वमान्यता घ्यावी लागते. स्मारकाभोवती 100 मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढे 200 मीटर नियंत्रित क्षेत्र ठेवणारी 2010 ची केंद्रीय तरतूद मात्र राज्य स्मारकांना लागू नाही. त्यांच्या परिसरातील बांधकामे रोखणे म्हणूनच अधिक अवघड जाते.

‘मराठा लष्करी भूदृश्ये’ या नावाने 2025 मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या 12 किल्ल्यांपैकी साल्हेर, राजगड, खांदेरी आणि प्रतापगड हे 4 किल्ले राज्याच्या अखत्यारीत आहेत. जिंजीसह उरलेले 8 भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे.

खासगी संस्थांना स्मारकांचे पालकत्व देणारी ‘महाराष्ट्र वैभव’ योजनाही आहे. नळदुर्गाचे काम तिच्याखाली झाले. औंधचे श्रीभवानी संग्रहालय आणि तेरचे लामतुरे संग्रहालय संचालनालय चालवते.

गावोगावच्या बारवा, गढ्या आणि वीरगळ बहुतांशी अधिसूचनेबाहेर आहेत. ही उणीव गंभीर आहे.