घटाचे पिवळे कोंब आणि हरितलवकातील चळती

जुन्या नाशकातील वाड्यांत देवघर बहुधा आतल्या, अंधाऱ्या खोलीत असे. आश्विन शुद्ध प्रतिपदेला तेथे परडीत काळी माती पसरून गहू, ज्वारी अशी धान्ये पेरली जातात, मधोमध पाण्याने भरलेला मातीचा घट ठेवला जातो आणि त्यातून झिरपणाऱ्या ओलाव्यावर नऊ दिवसांत वीतभर कोंब उभे राहतात. हे कोंब फिकट पिवळे, लांबुडके आणि नाजूक असतात. दसऱ्याला त्यांतले काही टोपीत खोवून झाले की उरलेली परडी आमच्याकडे गच्चीवर ठेवली जाई (हे शास्त्राला धरून होते की नाही, ते आजीलाच ठाऊक), आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तेच कोंब हिरवे झालेले दिसत.

पिवळ्या कोंबाच्या पेशीत हरितलवक, म्हणजे प्रकाशसंश्लेषण करणारा पेशीचा हिरवा घटक, अजून तयार झालेला नसतो. त्याच्या जागी इटिओप्लास्ट नावाचे त्याचे अर्धवट रूप असते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या आत पटलाच्या, म्हणजे पेशीतील पातळ पडद्याच्या, अतिसूक्ष्म नळ्यांची, स्फटिकाची आठवण व्हावी इतकी आखीव जाळी दिसते. ही जाळी जनुकांमुळेच घडते, परंतु कोणत्याही जनुकात तिचा नकाशा लिहिलेला नसतो. जनुक प्रथिन कसे बनवायचे एवढेच सांगते. आकार त्या प्रथिनांच्या आणि त्यांनी बनवलेल्या मेदांच्या गुणधर्मांतून येतो. हरितलवकाच्या पटलात निम्म्याच्या आसपास असलेल्या एका मेदाचा रेणू पाचरीसारखा असतो, डोके अरुंद आणि शेपटी रुंद, त्यामुळे अशा रेणूंचा थर सपाट राहण्यापेक्षा वळण घेऊ पाहतो. हा मेद बनवणारे ‘एमजीडी१’ जनुक पूर्णपणे निकामी झाले, तर रोपटे पांढरे पडते आणि त्यात प्रकाशसंश्लेषणाची पटलेच उभी राहत नाहीत. त्याहून अनपेक्षित उदाहरण कॅरोटिनॉइडांचे आहे. या पिवळ्या रंगद्रव्यांच्या रेणूंना योग्य वळण देणारे जनुक बिघडले, तर अंधारात वाढलेल्या रोपात ती जाळी तयारच होत नाही.

जाळीत एक विकरही (रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन) भरलेले असते. हरितद्रव्याच्या आधीच्या रेणूचे पुढच्या रूपात परिवर्तन करणे हे त्याचे काम, आणि त्यासाठी त्याला प्रकाशच लागतो. म्हणूनच गव्हाचे कोंब अंधारात हिरवे होत नाहीत. पाइनच्या रोपांकडे प्रकाशाविना चालणारे दुसरे विकर असल्याने ती अंधारातही हिरवी होतात. गच्चीवरचे ऊन लागताच हा रेणू बदलतो, काही तासांत जाळी विरघळते आणि तिच्या पटलांपासून थायलाकॉइडांचे, म्हणजे प्रकाशसंश्लेषणाच्या पटलांचे, सपाट पापुद्रे पसरू लागतात. त्याच वेळी फायटोक्रोम हे प्रकाश ओळखणारे प्रथिन पेशीच्या केंद्रकात शिरून हिरवेपणाची जनुके दाबून ठेवणाऱ्या प्रथिनांचा नाश घडवून आणते. हरितलवकाच्या स्वतःच्या डीएनएत प्रथिनांची जेमतेम ऐंशी जनुके असतात. त्याला लागणारी बाकीची दोन-तीन हजार प्रथिने केंद्रकातील जनुकांच्या सांगण्यावरून बाहेर बनतात आणि आत आणली जातात.

यानंतर पापुद्रे एकावर एक रचले जाऊन नाण्यांच्या चळतीसारखे ग्रेना उभे राहतात. चळतीच्या कडेला पटल फार तीव्र वळते, आणि ते वळण राखणारी ‘कर्ट१’ ही प्रथिने 2013 मध्ये अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातील छोट्या वनस्पतीत ओळखली गेली. तिच्यात त्यांची जनुके चार आहेत. चारही निकामी केली, तेव्हा चळती कमी, बसक्या आणि पसरट झाल्या. एका प्रथिनाचे प्रमाण वाढवले, तेव्हा त्या अरुंद आणि उंच झाल्या. जनुकाच्या मात्रेवर आकार असा थेट हललेला पाहायला मिळणे विरळाच. अर्थात चळतीची उंची केवळ जनुकांवर ठरत नाही. द्राक्षाच्या मांडवाखाली राहते तशा सावलीत पाने वाढली, तर त्यांच्यात चळती अधिक थरांच्या होतात.

उन्हात परडी ठेवण्यात एक धोकाही असतो. हरितद्रव्याचा तो आधीचा रेणू अंधारात मोकळा आणि जास्त साठला, तर प्रकाश पडताच त्याच्यामुळे ऑक्सिजनचे घातक रूप तयार होते. हा साठा आवरणारे ‘फ्लू’ नावाचे जनुक अरॅबिडॉप्सिसमध्ये निकामी केले, तर अंधारात वाढलेली रोपे उजेडात येताच फिक्की पडून मरतात. गव्हाच्या कोंबात तो साठा बेतात राहतो आणि बराचसा जाळीत विकराला चिकटलेला असतो, म्हणून गच्चीवरचे पहिले ऊन त्याला सोसते.