अक्कांचा दोरा कुठं थांबतो?

सोलापूरच्या पूर्व भागात, आमच्या मागच्या गल्लीत एक अक्का राहतात. घरात तेलुगू, बाजारात मराठी. दुपारी उंबऱ्याजवळ मांडीवर सूप घेऊन विड्या वळतात. तेंदूचं पान कात्रीनं कापायचं, चिमूटभर तंबाखू, गुंडाळी, वर दोरा. शेजारी मोबाईल चालू. निवडणुकीच्या दिवसांत त्यावर राजकीय चर्चांचा आरडाओरडा असतो, पण बोटं अडखळत नाहीत. एखादी गोष्ट लागली आणि त्यातली सून सासूशी खोटं बोलली, की दोरा बोटांतच राहतो. "म्हातारीला कळलं असंल का ओ?" त्या मलाच विचारतात.

समोरच्याला काय ठाऊक आहे, काय वाटतंय, याचा हा अंदाज माणूस साधारण चौथ्या वर्षापासून बांधू लागतो. मोठ्यांमध्ये तो मोजायची एक चाचणी आहे. 36 फोटो, प्रत्येकात फक्त डोळे, चेहऱ्याचा बाकी भाग नाहीच. खाली चार शब्द. या नजरेत काळजी आहे, संशय आहे की आणखी काही, ते ओळखायचं.

2013 मध्ये न्यूयॉर्कच्या किड आणि कास्तानो या मानसशास्त्रज्ञांनी 'सायन्स' या नियतकालिकात लिहिलं, की कसदार कथा थोडा वेळ वाचल्यावरही लोक अशा चाचण्यांत जास्त गुण मिळवतात. बातमी जगभर गाजली. मग इतरांनी तोच प्रयोग करून पाहिला, तेव्हा तो परिणाम हाती लागेना. 2018 मध्ये सामाजिक शास्त्रांतले 21 गाजलेले प्रयोग पुन्हा तपासले गेले. जे टिकले नाहीत, त्यांत हाही होता. त्याच वर्षी 14 प्रयोगांची आकडेवारी एकत्र मांडली, तर वाचनाचा परिणाम दिसला, पण अगदी लहान. मला यात निराश व्हावंसं वाटत नाही. एका बैठकीत कुणाचं मन मोठं होत नाही, हे तालमीत जाणाऱ्या कुठल्याही पोराला सांगावं लागत नाही. आयुष्यभर कथा-कादंबऱ्या वाचत आलेल्यांचे गुण काहीसे जास्त असतात, हे रेमंड मार आणि कीथ ओटली या मानसशास्त्रज्ञांना 2006 मध्येच दिसलं होतं. अर्थात, मुळात समजूतदार माणसंच गोष्टींकडं ओढली जातात, असंही असू शकतं.

राजकारणात मात्र पेच वेगळाच आहे. 2020 मध्ये अमेरिकेत राज्यशास्त्राच्या अभ्यासक सिमास आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळलं, की ज्यांना इतरांच्या दुःखाचा कळवळा जास्त, त्यांच्यातच पक्षापक्षांमधली कटुताही जास्त. वादग्रस्त राजकीय प्रसंग समोर ठेवले, तेव्हा हेच लोक आपल्या पक्षाकडं अधिक झुकले. कारण कळवळा आधी आपल्या माणसांकडं धावतो आणि मग त्यांना दुखावणाऱ्यावर राग धरतो. टपरीवर तावातावानं बोलणारा माणूस निर्दयी असतो असं नाही. बहुतेक वेळा कुणाची तरी कणव येऊनच त्याचा आवाज चढलेला असतो.

म्हणून मला कथेचं मोल वाटतं ते वेगळ्या कारणानं. चर्चेत कुणाची बाजू घ्यायची ते आधीच ठरलेलं असतं. कथेत आपण ज्याच्यावर चिडलोय, त्याच्याही मनात लेखक आपल्याला नेऊन बसवतो, आणि मत देण्याची घाई नसते.

काम करता करता गोष्ट ऐकणं काही नवं नाही. क्यूबात 1865 पासून हवानाच्या चिरूट कारखान्यांत कामगारांना वाचून दाखवायची प्रथा सुरू झाली. वाचक उंच जागी बसून वर्तमानपत्र वाचायचा, कादंबऱ्याही वाचायचा. पुढच्याच वर्षी स्पॅनिश सत्तेनं त्यावर बंदी घातली, पण प्रथा पुन्हा उभी राहिली. केरळातल्या विडी कामगारांमध्येही असं वाचन चालायचं. सोलापुरात बाया घरोघरी विड्या वळतात, त्यामुळं एकत्र बसून ऐकणं अवघड.

गेल्या आठवड्यापासून मी दुपारी अर्धा तास अक्कांना कथा वाचून दाखवतोय. त्यातला मुकादम मजुरी कापतो. पहिल्या दिवशी अक्कांनी त्याला तेलुगूत भरपूर शिव्या दिल्या. तिसऱ्या दिवशी दोरा दातांत धरून म्हणाल्या, "त्येच्या घरी कोण कोण हाय, ते वाचा की ओ आधी."