झुलू मणी आणि वर्गातला रंगतक्ता

जगातल्या संस्कृती अलंकारांतून शिकवायच्या म्हटलं की दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू लोकांच्या मण्यांचा धडा हमखास येतो, आणि त्याच्यासोबत रंगांचा तक्ताही. पांढरा म्हणजे निर्मळ प्रेम, काळा म्हणजे लग्न किंवा दुःख, निळा म्हणजे निष्ठा किंवा वैर. तक्ता पाहायचा, आपला निरोप ठरवायचा आणि ओवायचा. वाद आहे तो या तक्त्यावरच.

काचेचे मणी हिंदी महासागरावरून दक्षिण आफ्रिकेकडे शेकडो वर्षं जात होते. मापुंगुब्वे या तिथल्या जुन्या राजधानीच्या तेराव्या शतकातल्या दफनांत ते हजारोंनी मिळाले. त्यानंतरच्या काळातल्या काही मण्यांची काच रासायनिक तपासणीत रायगडमधल्या चौलच्या काचेशी जुळते. झुलू राज्याच्या भरभराटीच्या काळात ठरावीक मण्यांवर राजाचा ताबा असे. ते कोणी घालायचे हे दरबार ठरवी.

चित्र पालटलं ते इंग्रजांशी झालेल्या 1879 च्या युद्धानंतर. राज्य मोडलं आणि गावोगावच्या दुकानांत व्हेनिस आणि बोहेमियाचा माल सहज मिळू लागला. 1886 मध्ये सोनं सापडल्यावर तरुण जोहान्सबर्गच्या खाणींकडे निघाले. मुली मण्यांच्या छोट्या चौकोनी पट्ट्या विणून त्यांना गळ्यात घालायला देत. पुढे पर्यटकांच्या बाजारात याच पट्ट्या ‘प्रेमपत्रं’ म्हणून विकल्या जाऊ लागल्या. गिऱ्हाइकाला अर्थ झटकन कळावा म्हणून सोबत छापील चिठ्ठी आली. वर्गातला तक्ता बहुतेक वेळा तिचाच भाऊ असतो.

तो कुठे अडतो हे झुलू मुलखातल्या म्सिंगा भागात स्पष्ट दिसतं. तिथे रंगांचे ठरलेले संच नोंदले गेले आहेत. ‘इसिशुंका’त सात रंग: पांढरा, फिकट निळा, गडद हिरवा, फिकट पिवळा, गुलाबी, लाल, काळा. ‘इसिथेंबू’त पाच: फिकट निळा, गवती हिरवा, भडक पिवळा, लाल, काळा. ‘उम्झान्सी’त चारच: पांढरा, गडद निळा, गवती हिरवा, लाल. म्हणजे इसिथेंबूत पांढरा नाहीच आणि उम्झान्सीत काळा नाही. मग इसिथेंबूची मुलगी निर्मळ प्रेम कशाने कळवणार? मुळात संच पाहून आधी कळतं ते माणूस कुठला, कोणत्या गटातला. त्यापुढचा खासगी अर्थ देणारी आणि घेणारा यांच्यातच राही. त्यातही दुकानात कोणता रंग आला यावर बरंच अवलंबून. आणि चुकीच्या छटेचा माल व्यापाऱ्याच्या गळ्यात पडे, असंही नोंदवलेलं आहे. त्रिकोणांचंही तसंच. टोक वर म्हणजे अविवाहित स्त्री, खाली म्हणजे अविवाहित पुरुष, हे सरसकट सगळीकडे लागू करणं धाडसाचं.

तक्त्याची बाजू घेणारे म्हणतात, चाळीस मिनिटांच्या तासिकेत मुलांच्या हातात धरायला काहीतरी हवं. खरं आहे. पण त्यासाठी वरचे तीन संच पुरतात. वर्गाचे तीन गट करावेत, प्रत्येकाला एकच संच द्यावा आणि दुसऱ्या गटाची पट्टी पाहून ‘ही कुठली’ एवढंच विचारावं.

1994 नंतर दक्षिण आफ्रिकेच्या शालेय अभ्यासक्रमात कला आणि संस्कृतीला जागा मिळाली, तसे मणी गणिताच्या तासालाही आले, आकृतिबंध मोजायला. एड्सच्या लाल फितीही मण्यांनी विणल्या गेल्या. शहरी बाजारातल्या बिल्ल्यांवर तर संच-बिंच काही उरलं नाही.

ओवताना 2 मिमीचे मणी लहान मुलांना जमत नाहीत. 3 मिमीचे, म्हणजे 8 नंबरचे घ्यावेत. दोऱ्याच्या शेवटाजवळ एक अडसर-मणी घ्यायचा, त्यातून सुई दोनदा काढायची, गाठ मारायची नाही, कारण तो शेवटी काढून टाकायचा असतो. मग दहा मणी ओवायचे. पुढच्या ओळीत एक नवा मणी घ्यायचा, खालचा एक सोडायचा, त्यापलीकडच्यातून सुई काढायची. असे ओळीला पाच. सुरुवातीची संख्या सम ठेवावी, विषम घेतली की काठाशी वळताना दोरा अडतो आणि निम्मा वर्ग तिथेच थांबतो. दोरा फार ओढला तर पट्टी गुंडाळते, सैल राहिला तर मण्यांमधून दोरा दिसतो. पाकिटातले जाड-बारीक मणी आधी वेगळे केले नाहीत तर काठ लाटांसारखा वाकडा येतो, आणि तो नंतर सरळ होत नाही.