लाल कोटातले दोघे: मास्टर कोण आणि हंट्समन कोण?

इंग्लंडमधल्या घोडेस्वारांच्या खोकडशिकारीचं कुठलंही छायाचित्र बघा. गावच्या पबसमोर घोडे उभे, त्यांच्या पायांत घुटमळणारा पांढऱ्या-तांबूस कुत्र्यांचा घोळका आणि मधोमध लाल कोटातली चार-सहा माणसं. पाहणाऱ्याला सगळे सारखेच साहेब वाटतात. त्यातला एक मात्र सगळ्या कारभाराचा धनी असतो आणि दुसरा, जवळपास तसाच कोट घातलेला, बहुधा त्याचा पगारी माणूस. गंमत अशी की कुत्री झाडीत शिरली की हा धनी पगारी माणसाच्या मागे राहतो आणि त्याच्या कामात तोंड घालत नाही. धनी तो मास्टर, पगारी तो हंट्समन. या दोघांत गल्लत झाली की हंटच्या, म्हणजे अशा शिकारी संस्थेच्या, निम्म्या रीतीभाती नुसते नखरे वाटतात. थोडे नखरे आहेतच, पण सगळे नव्हेत.

आधी प्राण्याचं बघू. फॉक्सला आपण सर्रास कोल्हा म्हणतो, पण आपला कोल्हा म्हणजे जॅकल. फॉक्स म्हणजे खोकड. आपल्या माळरानावरच्या खोकडापेक्षा इंग्लंडमधला तांबडा खोकड चांगलाच थोराड असतो. इंग्रज हा खेळ निलगिरीत घेऊन आले, तेव्हा ऊटी हंटच्या हाउंडांना, म्हणजे वासावर माग काढणाऱ्या शिकारी कुत्र्यांना, मात्र कोल्ह्यांच्याच मागे धावावं लागलं. कोट लाल, फुंकायचं शिंग तेच, पुढे पळणारा प्राणी वेगळा.

मास्टर हे पद आहे. नावापुढे एम. एफ. एच. अशी अक्षरं लागतात, म्हणजे मास्टर ऑफ फॉक्सहाउंड्स. हंट ही एक संस्था असते. तिचा ठरलेला मुलूख असतो, हाउंडांचा ताफा असतो, वर्गणी भरणारे सभासद असतात आणि बहुतेक ठिकाणी एक समिती असते. ही समिती मास्टर नेमते, आणि कारभाराचं वर्ष १ मेपासून धरतात. लोकांना वाटतं मास्टरचं काम सर्वांत पुढे घोडा फेकणं. त्याचं खरं काम जमिनीचं आणि पैशाचं. शंभरेक घोडी दुसऱ्याच्या शेतातून जाणार म्हटल्यावर कुठे गहू उगवून आलाय, कुणाच्या मेंढ्या व्यायच्या आहेत, कोण मागच्या वर्षीच्या मोडक्या कुंपणावरून अजून रागावलेला आहे, हे सगळं त्याला तोंडपाठ लागतं. पूर्वी या कारभाराला पैसा मास्टरच्या खिशातून जायचा, आणि त्यात काही घराणी बुडाल्याचंही सांगतात. आता बहुतेक हंटना दोन, तीन, चार संयुक्त मास्टर असतात. एकट्याच्या खिशाला हे पेलत नाही.

पद म्हणून मास्टरला वजन मिळालं त्यात ह्यूगो मेनेल यांचा वाटा मोठा. १७५३ ते १८०० अशी सत्तेचाळीस वर्षं ते लेस्टरशरमधल्या क्वॉर्न हंटचे मास्टर होते. त्यांनी जास्त वेगाने धावणारे हाउंड पैदा केले, आणि भल्या पहाटे निघायची जुनी पद्धत मागे पडून लोक न्याहारी उरकून शिकारीला येऊ लागले. खेळ फॅशनेबल झाला तो तिथून. (बिनमांसाच्या ‘क्वॉर्न’ खिम्याचं नावही याच गावावरून घेतलं आहे. शिकारीसाठी जगभर गाजलेल्या गावाच्या नशिबी हे यावं!)

हंट्समन हे पद नाही, कसब आहे. तो हाउंडांच्या कुत्रेघराशेजारी राहतो, त्यांना खाऊ घालतो, त्यांची पैदास बघतो. साठ-सत्तर हाउंडांचा ताफा असला तरी प्रत्येकाला तो नावाने ओळखतो, आणि झाडीतून नुसता आवाज आला तरी भुंकणारा कोण हे सांगतो. परिसरातल्या शेतकऱ्यांची मेलेली गुरं कुत्रेघराने उचलून न्यायची आणि ते मांस हाउंडांना घालायचं, ही जुनी पद्धत आहे. ते काम त्याच्या हाताखालची माणसं करतात, कधी तो स्वतः करतो. रविवारच्या पुरवणीतल्या छायाचित्रात हे दिसत नाही.

मैदानात हंट्समनची भाषा वेगळी असते. हाउंडला कुत्रा म्हणायचं नाही. शेपटीला शेपटी म्हणत नाहीत, ती ‘स्टर्न’. खोकडाची मात्र ‘ब्रश’. हाउंड भुंकत नाहीत, ‘बोलतात’. मोजणी जोड्यांनी होते, त्यामुळे पस्तीस हाउंड म्हणजे साडेसतरा जोड्या, आणि हे मराठी माणसाला इंग्रजांपेक्षा सोपं जावं. झाडीचा पट्टा म्हणजे ‘कव्हर्ट’, त्यात टी-चा उच्चार करायचा नाही. हंट्समन हाउंडांना कव्हर्टमध्ये सोडतो, ते वासाचा माग काढतात, माग लागला की बोलू लागतात. मध्येच माग तुटतो, त्याला ‘चेक’ म्हणतात. मेंढ्यांचा कळप आडवा गेलेला असतो, जमीन कोरडी असते, वारा फिरलेला असतो. हंट्समनची परीक्षा इथे. चांगला हंट्समन आधी काहीच करत नाही, हाउंडांना स्वतः शोधू देतो. त्यांना जमलं नाही तरच अंदाज बांधून त्यांना गोलाकार फिरवतो, तो ‘कास्ट’. १८७२ ते १८९९ या काळात क्वॉर्नचे हंट्समन असलेल्या टॉम फर यांचं नाव आजही आदराने घेतात ते या कसबासाठी. त्या सत्तावीस वर्षांतले क्वॉर्नचे मास्टर कोण कोण, हे मात्र अभ्यासकालाच विचारावं लागेल. मला हा न्याय बरोबर वाटतो.

हंट्समनच्या मदतीला ‘व्हिपर-इन’ असतात. पांगलेल्या हाउंडांना ते चाबकाच्या आवाजाने ताफ्यात परत आणतात, आणि हाउंड हरणांच्या किंवा सशांच्या मागे भरकटले तर त्यांना रोखतात. ब्रिटिश संसदेने ‘व्हिप’ हा शब्द इथूनच उचलला. आपल्याकडे त्याला प्रतोद म्हणतात, तोही चाबूकच. महाराष्ट्रात २०२२ च्या फुटीनंतर खरा प्रतोद कोणाचा यावरून भांडण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि प्रतोद राजकीय पक्षाने नेमायचा, विधिमंडळ पक्षाने नव्हे, असं न्यायालयाने ११ मे २०२३ च्या निकालात सांगितलं. हंटमध्ये हा घोळ नाही. व्हिपला नोकरीवर मास्टर ठेवतो, पण मैदानात तो ऐकतो हंट्समनचं.

आता कोटाकडे वळू. लाल रंगावर विसंबू नये. सभासदांपैकी ज्यांना मास्टरने हंटचं बटण बहाल केलं आहे, अशा पुरुषांनाही लाल कोट चालतो. उलट ब्यूफर्ट आणि हीथ्रॉप हंटचे हंट्समन हिरव्या कोटात असतात, बर्कलीचे पिवळ्या. स्त्रिया परंपरेने काळा किंवा गडद निळा कोट घालतात, म्हणजे निळ्या कोटातल्या ज्या बाईंना तुम्ही पाहुण्या समजलात त्याच मास्टर असू शकतात. (लाल कोटाला काही जण ‘पिंक’ म्हणतात, आणि त्यामागे पिंक नावाच्या शिंप्याची गोष्ट सांगतात. तो शिंपी अजून कुणाला सापडलेला नाही.)

रंगापेक्षा बटणं मोजलेली बरी. रूढ संकेत असा की कोटाच्या पुढच्या बाजूला सभासदाला तीन बटणं, मास्टरला चार, हंट्समन आणि व्हिपला पाच. टोपीमागच्या फितीही बोलतात. पगारी नोकरवर्गाच्या फिती खाली सोडलेल्या, इतरांच्या वर वळवून शिवलेल्या. मास्टरच्या फितीबाबत मात्र हंटगणिक रीत बदलते. गळ्याभोवती गुंडाळलेला पांढरा ‘स्टॉक’ सगळ्यांनाच असतो. कुणी पडून हात मोडला तर झोळी बांधायला तो उपयोगी पडतो, म्हणून त्याला मी नखऱ्यात धरत नाही. आणि मोसम रीतसर सुरू व्हायच्या आधी, म्हणजे नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत, मास्टरसकट बहुतेक स्वार साध्या ट्वीड कोटात असतात. त्या पोशाखाला ‘रॅटकॅचर’ असं नाव आहे. तेव्हा बटणांचा उपयोग नाही. वीतभर लांबीचं तांब्याचं शिंग कोण फुंकतोय ते पाहायचं. भराभर तुटक सूर म्हणजे शिकार निघाली, शेवटचा लांबलचक सूर म्हणजे घरी चला, आणि फुंकणारा तो हंट्समन.

शिष्टाचारात दोघांचा फरक सर्वांत स्पष्ट दिसतो. आल्या आल्या मास्टरला शोधून, टोपीला हात लावून ‘गुड मॉर्निंग, मास्टर’ म्हणायचं. नाव घ्यायचं नाही. निघताना ‘गुड नाइट, मास्टर’, मग दुपारचे बारा का वाजलेले असेनात. नवख्याला हे हास्यास्पद वाटतं. पण सांगून गेलेला माणूस कुठल्या चरात पडून राहिलेला नाही, एवढं तरी त्यामुळे कळतं. हंट्समनशी मात्र काम चालू असताना बोलायचंच नाही, नमस्कारापुरतंही नाही. चेकच्या वेळी तर संपूर्ण शांतता, कारण गप्पांचा आवाज ऐकून हाउंडांनी मान वर केली की माग गेलाच. अरुंद वाटेवर मागून ‘हंट्समन, प्लीज!’ अशी आरोळी आली की घोडा बाजूला घ्यायचा आणि त्याचं तोंड वाटेकडे करायचं. मागचे पाय हाउंडांकडे राहिले आणि घोड्याने लाथ झाडली तर त्यापेक्षा मोठी नामुष्की नाही. लाथाड्या घोड्याच्या शेपटीला लाल फीत बांधतात ती त्याचसाठी. फाटक, उडी, चिंचोळी वाट, सगळीकडे पहिला मान हाउंडांचा, मग हंट्समनचा आणि व्हिपचा. वर्गणी भरणारे त्यांच्यानंतर.

थोडक्यात, मास्टरला बोलून मान द्यायचा आणि हंट्समनला गप्प राहून. इतकं सोपं असतं तर बरं झालं असतं, पण अनेक ठिकाणी मास्टर स्वतःच शिंग हाती घेतो. त्याला हौशी हंट्समन म्हणतात. मग तो चारऐवजी पाच बटणं लावतो, आणि कुत्रेघर सांभाळणाऱ्या पगारी माणसाला ‘केनल हंट्समन’ असं नाव मिळतं. हा मनुष्य शिकारीच्या दिवशी बहुधा व्हिपचं काम करतो. म्हणजे नावात हंट्समन, पण मैदानात नाही. ब्यूफर्टचे दहावे ड्यूक १९२४ पासून १९८४ मध्ये वारले तोपर्यंत मास्टर होते आणि त्यांनी दीर्घकाळ हाउंडही स्वतः चालवले. अकराव्या वाढदिवशी त्यांना सशांच्या शिकारीच्या हाउंडांचा छोटा ताफा भेट मिळाला, तेव्हापासून घरीदारी सगळे त्यांना ‘मास्टर’च म्हणत. गाडीचा नंबर होता एमएफएच १. कॅप्टन रॉनी वॉलेस १९५२ ते १९७७ हीथ्रॉपचे मास्टर आणि हंट्समन दोन्ही होते, आणि त्यांचे चाहते त्यांना अर्ध्या चेष्टेत ‘गॉड’ म्हणत. अशा हंटमध्ये मास्टर हाउंडांत गुंतलेला असल्यामुळे स्वारांना सांभाळायला तिसरा माणूस लागतो, ‘फील्ड मास्टर’. त्याच्या पुढे घोडा काढायचा नाही. या पदाच्या नावात मास्टर असला तरी तो एम. एफ. एच. असेलच असं नाही.

२००४ च्या हंटिंग अ‍ॅक्टने इंग्लंड आणि वेल्समध्ये १८ फेब्रुवारी २००५ पासून हाउंडांकरवी खोकडाची शिकार बेकायदा ठरवली. स्कॉटलंडने त्याआधीच, २००२ मध्ये, कायदा केला आणि २०२३ मध्ये तो आणखी कडक केला. २००५ नंतर इंग्लंडमधले हंट निघत आले ते आधी पसरून ठेवलेल्या वासाच्या मागावर. तो वास पुसटसा बहाणा आहे आणि खोकड अजूनही मारले जातात, असा विरोधकांचा आरोप आहे, आणि २०२४ च्या जाहीरनाम्यात मजूर पक्षाने हा प्रकारही बंद करण्याचं वचन दिलं. दोघांतला जुना फरक कायद्यापुढे वेगळ्याच रीतीने उघडा पडला. मुलूख, परवानग्या आणि पैसा मास्टरच्या हाती असला तरी हाउंडांवर ताबा हंट्समनचा, त्यामुळे आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहायची वेळ सहसा त्याच्यावर येते. या कायद्याखाली दोषी ठरलेला पहिला हंट्समन एक्समूर फॉक्सहाउंड्सचा होता. २००६ मध्ये त्याला दंड झाला, आणि पुढच्या वर्षी अपिलात तो सुटला.