पार्श्वभूमी: पत्ता नवा, आकडा जुना

वागळे इस्टेटपासून महापेपर्यंत वेबसाइटची कामं करणारी जी छोटी ऑफिसं आहेत, तिथे वर्डप्रेस या तयार प्रणालीवर चालणारी साइट नव्या पत्त्यावर हलवायचं काम बहुधा नव्या मुलाच्या गळ्यात पडतं. तो डंप, म्हणजे डेटाबेसची नक्कल घेतो, ती एसक्यूएल फाइल एडिटरमध्ये उघडतो, जुना पत्ता शोधून सगळीकडे नवा टाकतो आणि इम्पोर्ट करतो. साइट सुरू होते, लेख-फोटो दिसतात. पण साइडबार रिकामा, लोगो गायब, थीमचं सेटिंग मूळपदावर. एरर कुठेच नाही, त्यामुळे क्लायंटचा फोन येईपर्यंत कुणाला पत्ताही लागत नाही.

या गोंधळाचं मूळ वर्डप्रेसपेक्षा जुनं आहे. वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलं आहे त्या पीएचपीचा प्रोग्राम ब्राउझरची एक विनंती पूर्ण करून संपतो आणि मेमरीतला ॲरेही, म्हणजे मूल्यांची यादीही, त्याच्याबरोबर जाते. तो टिकवायचा तर सपाट मजकूर करून कुठेतरी ठेवायला हवा. त्यासाठी सिरिअलाइझ हे फंक्शन आलं. मे २००० मध्ये पीएचपी ४ आलं तेव्हा सेशनच्या, म्हणजे वाचकाची माहिती पानागणिक टिकवण्याच्या, सोयीबरोबर ते घराघरांत पोचलं.

त्याची लिहिण्याची पद्धत नेमकी आहे. ‘ठाणे’ हा शब्द साठवताना आधी ‘एस’ म्हणजे स्ट्रिंग, मग कोलन, मग १२, पुन्हा कोलन आणि शेवटी अवतरणात शब्द. १२ का? तो आकडा अक्षरांचा नसून बाइटचा आहे. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत ठ, काना, ण आणि मात्रा या प्रत्येकाला तीन बाइट लागतात. परत वाचताना पीएचपी तेवढेच बाइट मोजून पुढे जातं, म्हणून मजकुरात अवतरणचिन्ह आलं तरी अडत नाही. आकडा एकाने जरी चुकला तरी अख्खा ॲरे नापास होतो आणि हातात ‘फॉल्स’ येतं.

मे २००३ मध्ये वर्डप्रेसची पहिली आवृत्ती आली. २००४ च्या १.२ आवृत्तीत प्लगइन म्हणजे जादा सोयींचे जोड आले, २००७ च्या २.२ मध्ये विजेट म्हणजे साइडबारमधले ठोकळे. प्रत्येकाला आपापली सेटिंग्ज ठेवायला जागा हवी होती, आणि ती ऑप्शन्सच्या टेबलात सिरिअलाइझ करून टाकणं सगळ्यांत स्वस्त होतं. वेगळं टेबल नको, वेगळे कॉलम नकोत. या निर्णयाला मी दोष देणार नाही. दोष द्यायचाच तर दुसऱ्या सवयीला: वर्डप्रेस डोमेनसकट पूर्ण पत्ता डेटाबेसमध्ये जागोजागी लिहून ठेवतं. पत्ते सापेक्ष, म्हणजे डोमेनशिवायचे असते तर हलवाहलवीत या साठवलेल्या मजकुराला कुणी हात लावलाच नसता.

बरीच वर्षं हा त्रास डोमेन बदलणाऱ्यांपुरता होता. मग डिसेंबर २०१५ मध्ये लेट्स एन्क्रिप्ट ही सेवा सर्वांसाठी खुली झाली आणि एचटीटीपीएसला, म्हणजे सुरक्षित जोडणीला, लागणारं प्रमाणपत्र फुकट मिळू लागलं. जुलै २०१८ मध्ये क्रोम ६८ ने साध्या एचटीटीपी साइटवर ‘सुरक्षित नाही’ असा शिक्का मारायला सुरुवात केली. नौपाड्यातले क्लासेस असोत की वाशीच्या मार्केटमधले मसाल्याचे व्यापारी, एचटीटीपीएस सगळ्यांनाच हवं झालं. पत्त्यात वाढतो फक्त एक ‘एस’. लोगोचा पत्ता ४१ बाइटचा होता तो ४२ चा होतो, आणि त्याच्याआधी लिहिलेला आकडा ४१ च राहतो.

उपाय तोवर आलेले होते. इंटरकनेक्ट आयटी या ब्रिटिश कंपनीची सर्च रिप्लेस डीबी ही स्क्रिप्ट, आणि कमांड लाइनवाल्यांसाठी डब्ल्यूपी-सीएलआय. दोन्हींची रीत एकच: साठवलेली स्ट्रिंग उलगडायची, ॲरेच्या आत शिरून पत्ता बदलायचा, पुन्हा सिरिअलाइझ करायचं. आकडा आपोआप नवा पडतो. डब्ल्यूपी-सीएलआयमध्ये आधी ड्राय रन, म्हणजे काही न बदलता तालीम घ्यावी आणि जीयूआयडीचा, म्हणजे लेखाच्या कायमच्या ओळखीचा, कॉलम वगळावा, नाहीतर फीडमधून साइट वाचणाऱ्यांना जुने लेख नवे म्हणून दिसू शकतात. सर्च रिप्लेस डीबी काम झाल्यावर सर्व्हरवरून काढलीच पाहिजे. ती तिथे राहिली तर डेटाबेसची किल्ली दाराबाहेर टांगल्यासारखं होतं.

मराठी साइटना यात एक जादा फटका आहे. वर्डप्रेसचा डेटा ज्यात असतो त्या मायएसक्यूएल डेटाबेसचा डीफॉल्ट कॅरेक्टर सेट (अक्षरं साठवण्याची पद्धत) ८.० आवृत्ती येईपर्यंत लॅटिन-१, म्हणजे पश्चिम युरोपीय भाषांचा होता. जुन्या साइटचा यूटीएफ-८ मराठी मजकूर अनेकदा तशा कॉलममध्येच पडून असतो, आणि ब्राउझरमध्ये नीट दिसतो म्हणून कुणाला शंका येत नाही. नव्या सर्व्हरवर नेताना कॅरेक्टर सेट थेट बदलला की प्रत्येक बाइट स्वतंत्र अक्षर समजला जातो. ‘ठाणे’चे १२ बाइट २५ होतात. लेखांमध्ये निदान कचरा तरी दिसतो. सेटिंग्ज मात्र गुपचूप उडतात. अशा वेळी कॉलम आधी ब्लॉब, म्हणजे नुसत्या बाइटचा करून मग यूटीएफ-८एमबी४ (मायएसक्यूएलमधलं पूर्ण यूटीएफ-८) करायचा, म्हणजे बाइट आहेत तसेच राहतात.

आता अनेक पेज बिल्डर, म्हणजे पानं माउसने मांडू देणारे प्लगइन, आपला डेटा जेसन या दुसऱ्या मजकुरी पद्धतीत ठेवतात. तिथे लांबीचा आकडा नाही, त्यामुळे तुटण्याची भीती कमी. पण एलिमेंटरसारख्या पेज बिल्डरच्या डेटात पत्त्यातल्या प्रत्येक तिरप्या रेघेआधी बॅकस्लॅश असतो, म्हणून साध्या शोधात तो पत्ता सापडतच नाही. बॅकस्लॅशवाल्या रूपासाठी दुसरी फेरी मारावी लागते. पीएचपीच्या जेसनमध्ये वेगळं सांगितल्याशिवाय ‘ठ’सुद्धा बॅकस्लॅश, यू आणि ०९२० असा लिहिला जातो. दुकानाचं मराठी नाव बदलायचं असेल, तर तिसरी फेरी.