मनी प्लांट

मनी प्लांट : घरात, जिन्यात, कार्यालयात कुंडीत किंवा पाण्याच्या बाटलीत वाढवली जाणारी शोभेची सदाहरित वेल. शास्त्रीय नाव एपिप्रेम्नम ऑरियम. कुल ॲरेसी, म्हणजे अळू, सुरण आणि शेवळाचे कुल. मूळ ठिकाण प्रशांत महासागरातील फ्रेंच पॉलिनेशियामधले मोओरिया बेट. तिथून ती उष्ण प्रदेशांत सर्वदूर गेली आणि श्रीलंकेसारख्या काही ठिकाणी रानात शिरून तिथल्या झाडोऱ्यावर पसरली. १८८० साली तिचे पहिले वर्णन झाले ते ‘पोथॉस ऑरियस’ या नावाने. पुढे तिची जागा दुसऱ्या प्रजातीत ठरली, पण इंग्रजी बोलणारे आजही तिला पोथॉसच म्हणतात. ‘ऑरियस’ म्हणजे सोनेरी. हिरव्या पानावरच्या पिवळ्या शिंतोड्यांवरून हे नाव आले.

आपल्या घरात दिसते ते या वेलीचे बालपण. कोकणातल्या एखाद्या परड्यात आंब्याच्या किंवा नारळाच्या खोडावर चढलेली वेल पाहिली की हे लक्षात येते. जमिनीलगत पाने तळहाताएवढी, अखंड, हृदयाच्या आकाराची. डोक्याच्या वर गेली की तीच ताटाएवढी होतात, आणखी वर सुपाएवढी, आणि कडेपासून मधल्या शिरेकडे चिरत जातात. पूर्ण वाढलेले पान मीटरभर लांब होऊ शकते आणि वेल २० मीटरपर्यंत चढते. वेलीला चढायला आधार आणि वरचा उजेड मिळाला की ती वयात येते. टांगलेल्या कुंडीतून खाली लोंबत राहिली की पाने लहानच राहतात, टोकाकडची तर आणखी बारीक. ‘खत घालूनही पान मोठे होत नाही’ या नेहमीच्या तक्रारीचे मूळ इथे आहे. काथ्या गुंडाळलेली जाड काठी किंवा नारळाची सोडणे बांधलेला बांबू कुंडीत रोवावा आणि तो ओलसर ठेवावा. पेरापेरातून फुटणारी मुळे त्यात शिरली की प्रत्येक नवे पान आधीच्यापेक्षा मोठे येऊ लागते. हा बदल डोळ्यांदेखत घडताना पाहणे हा ही वेल पाळण्यातला सर्वांत मोठा आनंद आहे.

मोठी झालेली वेलही फुलत मात्र नाही. फुलण्यासाठी लागणारे जिबरेलिन हे संप्रेरक तिच्यात पुरेसे तयार होत नाही, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. बाहेरून त्याची फवारणी केल्यावर वेलीला फुलोरा आला. फूल नाही म्हणून बी नाही, आणि बी नाही म्हणून घराघरांतला मनी प्लांट हा कुठल्या तरी दुसऱ्या वेलीचा तोडलेला तुकडाच असतो.

तिची निगा समजून घ्यायची तर दाट पावसाळी जंगलाचा तळ डोळ्यांपुढे आणावा. तिथे ऊन झाडांच्या पानांतून गाळून येते, पाऊस भरपूर पडतो, पण पालापाचोळ्याच्या भुसभुशीत थरातून पाणी लगेच निथळून जाते. घरातही वेलीला हेच हवे असते. खिडकीपासून दोन-चार फुटांवर, थेट ऊन न लागता वाचता येईल इतका उजेड असलेली जागा उत्तम. पश्चिमेचे दुपारचे ऊन पानांवर तपकिरी डाग पाडते. अंधाऱ्या कोपऱ्यात वेल मरत नाही, पण दोन पानांमधले अंतर वाढते आणि नवी पाने निव्वळ हिरवी येतात. पिवळ्या भागात हरितद्रव्य कमी असते. उजेड अपुरा पडला की वेलीला ही चैन परवडत नाही. ‘मार्बल क्वीन’सारख्या पांढरट पानांच्या प्रकारांना म्हणूनच जास्त उजेड लागतो, आणि त्यांची वाढही संथ असते. थंडी हिला सोसत नाही. पारा १० अंशांच्या खाली गेला की पाने काळवंडतात, त्यामुळे थंड देशांत राहणाऱ्यांनी हिवाळ्यात कुंडी खिडकीच्या काचेपासून दूर ठेवावी.

घरातले बहुतेक मनी प्लांट तहानेने मरत नाहीत, मायेने मरतात. रोज सकाळी देवाला फूल वाहावे तसे कुंडीत तांब्याभर पाणी घातले जाते, मातीतली हवा संपते आणि मुळे कुजतात. आधी खालची पाने पिवळी पडतात. ती पाहून वेलीला पाणी कमी पडते आहे असे वाटते, आणि आणखी पाणी घातले जाते. अशा वेळी कुंडी उपडी करून मुळे पाहावीत. निरोगी मूळ पांढरट आणि टणक असते; कुजलेले मूळ काळपट असते, चिमटीत धरले की साल निसटून आतला दोरा तेवढा हातात राहतो. कुजका भाग कापून कोरड्या, हलक्या मातीत पुन्हा लावले तर वेल बहुधा सावरते. पाणी घालण्याआधी बोट दोन पेरे मातीत खुपसावे. कोरडे लागले तरच घालावे, आणि मग तळाच्या भोकातून बाहेर येईपर्यंत घालावे. बशीत साचलेले पाणी ओतून टाकावे. पावसाळ्यात आठ-दहा दिवस पाणी लागत नाही, विदर्भातल्या मे महिन्यात एक-दोन दिवसांआडही लागते, त्यामुळे वारांचे वेळापत्रक इथे कामाचे नाही. खरोखर तहानलेल्या वेलीची पाने मऊ होऊन मान टाकतात आणि पाणी मिळाल्यावर काही तासांत पुन्हा ताठ होतात.

मातीत कोकोपीट आणि गांडूळखत मिसळले, तळाच्या भोकावर खापराचा तुकडा ठेवला की पुरे. पिठ्या ढेकूण दिसला तर ओल्या फडक्याने पुसून निंबोळी तेलाचे पाणी फवारावे.

बाटलीतल्या वेलीबाबत मात्र हयगय चालत नाही. डेंग्यू पसरवणारी एडिस डासाची मादी स्वच्छ, साचलेल्या पाण्याच्या कडेला, भांड्याच्या आतल्या भिंतीवर अंडी चिकटवते. अंड्यापासून डास होईपर्यंत साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून पाणी दर आठवड्याला बदलावे, आणि नुसते ओतून न देता बाटली आतून घासावी, कारण अंडी कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने तग धरतात. महापालिकेचे कर्मचारी पावसाळ्यात घरी आले की फ्रिजच्या ट्रेबरोबर मनी प्लांटची बाटली तपासतात ते याचसाठी.

अळूप्रमाणेच हिच्या पानांत आणि खोडात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. पान चावल्यास तोंडाची आग होते, घशाला सूज येऊ शकते. रांगते मूल, मांजर किंवा कुत्रा असलेल्या घरात वेल उंचावर ठेवावी.

ही वेल हवा शुद्ध करते, असे रोपवाटिकेच्या पाटीवर हमखास लिहिलेले असते. या समजाला बळ मिळाले ते नासाच्या १९८९च्या प्रयोगांमुळे. पण ते प्रयोग लहानशा बंद पेट्यांमध्ये झाले होते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यानुसार, इमारतीत नेहमीची हवा खेळल्याने जेवढा फरक पडतो तेवढा साधायला दर चौरस मीटरला १० ते १,००० रोपे लागतील. दमेकऱ्याच्या घरात या पाटीच्या भरवशावर राहू नये, खिडकी उघडावी. वास्तुशास्त्र मानणारे ही वेल आग्नेयेला ठेवतात. श्रद्धा असेल त्यांनी जरूर ठेवावी, फक्त तिथे उजेड येतो की नाही ते आधी पाहावे.

चोरून आणलेला मनी प्लांटच चांगला फोफावतो, असाही एक समज घरोघरी आहे. फांदी कशीही मिळवलेली असो, तिच्यावर निदान एक पेर हवे. पानाच्या देठासमोर, खोडाच्या दुसऱ्या बाजूला तपकिरी रंगाचा छोटा उंचवटा दिसतो. नवे मूळ तिथूनच निघते. नुसते पान देठासह पाण्यात ठेवले तर ते कित्येक आठवडे हिरवे राहते, कधी मुळेही धरते, पण त्यातून वेल निघत नाही. पेराच्या बोटभर खाली कापून तो उंचवटा पाण्यात बुडेल अशी फांदी ठेवली की दोन-तीन आठवड्यांत पांढरी मुळे दिसू लागतात. ती बोटाएवढी झाली की फांदी मातीत लावावी.